लेडीज बॅच भर दुपारीच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया बाथ्स या जुन्या पोहण्याच्या टँकवरचा लेख वाचला. रंगीत काचा, टाइल्स, १९०६ ला उघडलं, १९९३ ला बंद पडलं, थंडीत टँकवर फळ्या टाकून डान्स व्हायचे, सगळं आलं. पण तिथं बायकांचा टँक वेगळा होता आणि त्यात पाणी कुठलं यायचं, यावर एक ओळ नाही! ताजं पाणी आधी पहिल्या वर्गाच्या पुरुषांना, त्यांचं झालं की तेच दुसऱ्या वर्गाच्या पुरुषांना, आणि मग बायकांना. मुलीनं रात्री मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं तेव्हापासून डोकं तापलंय. तिथंच सराव करून सनी लॉरी १९३३ ला इंग्लिश खाडी पोहून गेली, तिचं नावसुद्धा तुम्ही दिलं नाही.

आपल्याकडं बायकांना उरलेलं पाणी नाही, उरलेली वेळ मिळते. मी लहानपणी मामाच्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून शिकले, लग्न होऊन कोल्हापुरात आले आणि पोहणं सुटलं ते सुटलंच. निदान मुलीला तरी यावं म्हणून गेल्या उन्हाळ्यात एका टँकवर चौकशीला गेलो तर सकाळच्या बॅच जेन्ट्सच्या, संध्याकाळच्या पण जेन्ट्सच्या, लेडीज बॅच दुपारी. मुलगी नोकरी करते, तिनं भर दुपारी कसं यायचं? तिथला माणूस म्हणतो, "ताई, दुपारी टँक मोकळाच असतो की." मोकळा असणारच हो, डोक्यावर छप्पर नाही, फरशीवर पाय ठेवता येत नाही एवढं तापतं, आणि आजूबाजूच्या गच्चीवरनं सगळं दिसतं. पोरगी काही न बोलता गाडीवर बसली आणि परत तिनं विषय काढला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बंदिस्त टँक म्हटलं की लोक म्हणतात श्रीमंतांचे चोचले. इंग्लंडात १८४६ ला कायदा झाला तो गरिबांसाठी सार्वजनिक न्हाणीघरं आणि धुणं धुवायच्या जागा बांधायला, असले हौद त्यातूनच पुढं आले, हेही लेखात यायला पाहिजे होतं. इथं पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, २०१९ आणि २०२१ दोन्ही पूर आपण बघितलेत, तरी तुमच्या गल्लीतल्या किती बायकांना पोहता येतं विचारून बघा. ऑलिंपिकला गेलेला वीरधवल खाडे आपल्या कोल्हापूरचा, अभिमान आहेच, पण एखाद्या पोरीला तिथवर जायचं असेल तर तिनं दुपारच्या उन्हात सराव करायचा का?

तेव्हा विनंती अशी की शहरातल्या सगळ्या टँकच्या लेडीज बॅचच्या वेळा एकदा पेपरात छापा, पहिल्या पानावर.

आणि पाणी येणार नाही ही बातमी आदल्या दिवशी देत जावा, आम्हाला ती नळ कोरडा पडल्यावर वाचायला मिळते.

कळावे,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर