पुरवणीचे पान आणि गुन्ह्यांचे पान

वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग

चि. अनिरुद्ध यास अनेक उत्तम आशीर्वाद.

मुंबईच्या एका दैनिकाच्या पुरवणीला तुम्हा मुलांच्या इलेक्ट्रॉनिक संगीतावर लेख हवा आहे, त्यांची बातमीदार पुढच्या आठवड्यात भेटायला येणार आहे आणि तिच्याशी बोलावे की नाही यावरून तुमच्यात दोन तट पडले आहेत, असे तू परवा फोनवर म्हणालास. काहींना छापून येण्याची हौस आहे. काहींना वाटते की पेपरात नाव आले की तळघरातले संगीत बाजारात गेलेच म्हणून समजावे. शाळा सांभाळून मी बरीच वर्षे जिल्हा पानाचा वार्ताहर होतो, त्यामुळे तुमचे संगीत मला फारसे कळत नसले तरी ते छापताना त्याचे काय होते याचा अंदाज मला तुमच्यापेक्षा जास्त आहे. शिवाय तू या वाटेला लागल्यापासून या संगीताच्या इतिहासाविषयी हाती लागेल ते वाचत आलो आहे. म्हणून फोनवर दोन वाक्यांत उरकण्याऐवजी सविस्तर लिहितो.

बोलावे, असे माझे मत आहे. गप्प राहिल्याने बातमी टळत नाही. ती दुसऱ्याच्या तोंडून येते. डबस्टेप हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रकार दक्षिण लंडनमध्ये, क्रॉयडनच्या आसपास, या शतकाच्या सुरुवातीला आकाराला आला. त्यात बेरिअल या टोपणनावाने संगीत करणारा एक तरुण होता, जो मुलाखती क्वचितच देई आणि चेहरा तर दाखवतच नसे. २००८ साली त्याच्या अल्बमला मर्क्युरी या ब्रिटनमधल्या मानाच्या संगीत पारितोषिकासाठी नामांकन मिळाले, तशी तिथल्या ‘द सन’ या मोठ्या खपाच्या दैनिकाने त्याला हुडकून काढण्याची मोहीमच उघडली. शेवटी त्या ऑगस्टमध्ये त्याने स्वतःच आपले खरे नाव आणि एक छायाचित्र जाहीर करून टाकले. तोवर संगीत बाजूला पडले होते आणि माणूस लपतो कुठे हीच बातमी होऊन बसली होती.

हेच दैनिक त्याच्या वीस वर्षे आधी कसे वागले तेही पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर १९८८ मध्ये त्याने ॲसिड हाउस या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचे कौतुक केले, हसऱ्या पिवळ्या चेहऱ्याचे टी-शर्ट वाचकांना विकायला काढले, आणि आठवडाभरातच त्याच संगीताच्या नावाने अमली गोळ्यांच्या भयकथा छापायला सुरुवात केली. कौतुक आणि ओरड यांच्यामध्ये संगीतात तसूभरही फरक पडला नव्हता. पुढे अशा बातम्यांच्या गदारोळात तिथे १९९४ चा फौजदारी न्याय कायदा आला आणि त्यात पोलिसांनी रोखायच्या उघड्यावरच्या रात्रीच्या जमावांचे वर्णन करताना ‘एकापाठोपाठ एक येणारे तेच ते ठोके’ अशा आशयाचे शब्द घालण्यात आले. वर्तमानपत्राचा सूर कायद्याच्या पुस्तकापर्यंत कसा झिरपतो, याचा इतका स्वच्छ नमुना क्वचितच सापडेल.

आपल्याकडे हा सूर कोणत्या पानावर लागतो, इकडे तुझे लक्ष वेधायचे आहे. आपल्या मराठी पेपरांत इलेक्ट्रॉनिक संगीताची बातमी बहुतेक वेळा गुन्हे पाहणारा बातमीदार करतो, कारण त्याच्या हाती पोलिसांचे पत्रक आयते पडते. मार्च २००७ मध्ये पुण्याजवळ डोणजे येथे रेव्ह पार्टीवर छापा पडून अडीचशेहून अधिक जणांना पकडले, तेव्हा मी रोज येणारे सगळे अंक चाळले होते. किती गाड्या होत्या, काय जप्त झाले, मुले-मुली कुठल्या घरांतली होती, हे सर्व तपशिलात छापलेले. रात्रभर वाजत काय होते याचा मात्र मी वाचलेल्या बातम्यांत पत्ता नव्हता. तीच गत टेम्पोवर बेस आणि टॉप असे मोठे स्पीकर रचून मिरवणुकीत वाजवणाऱ्यांची. तो ‘डीजेचा दणदणाट’ कायम पोलीस आणि डेसिबल यांच्या पानावर येतो. त्यातली तक्रार खोटी आहे असे मी म्हणणार नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही २००० च्या नियमांतली मर्यादा विसर्जनाच्या संध्याकाळी कोणी पाळत नाही, आणि तुझ्या आजीच्या छातीत त्या वेळी कशी धडधड व्हायची ते तू पाहिले आहेस. तरीही ‘हलगी मिक्स’ आणि ‘साउंड चेक’ या नावांनी सांगली-कोल्हापुरापासून नाशिकपर्यंतच्या पोरांनी जे रचले ते संगीतच आहे, आणि त्याची नोंद संगीत म्हणून कोणी घेत नाही.

तुम्हाला पुरवणीचे पान मिळते आहे. तुम्ही मुंबईत आहात, तुमच्यातले निम्मे इंग्रजीतून नीट बोलतात आणि तुमच्या कार्यक्रमाला तिकीट असते, ही त्याची कारणे. तुमचा ठोका त्या टेम्पोवाल्यांच्या ठोक्यापेक्षा शहाणा आहे हे कारण नव्हे. आपल्या वाडीतला सुताराचा मुलगा आठव. प्लायवूडचे खोके तो स्वतः कापतो, फटीतून हवा सुटू नये म्हणून भुसा आणि डिंक कालवून सांधे भरतो, आणि स्पीकरच्या कागदी पडद्यावर तळहात टेकवून पडदा किती मागे-पुढे होतो त्यावरून आवाज कुठे फाटणार ते सांगतो. ठोके जोडण्याचे सॉफ्टवेअर तुला पहिल्यांदा त्यानेच दाखवले. त्याच्याविषयी आजवर छापून आलेली एकमेव गोष्ट म्हणजे एका विसर्जनानंतरची कारवाईची बातमी, तीही तीन ओळींची. बातमीदार तुला विचारील की हे सर्व सुरू कुठून झाले, तेव्हा त्याची परवानगी घेऊन त्याचे नाव सांग. शिकागोमध्ये हाउस संगीत घडवले ते मुख्यतः कृष्णवर्णीय आणि समलिंगी तरुणांनी, फ्रँकी नकल्स हा डीजे वाजवत असे त्या वेअरहाउस नावाच्या क्लबमध्ये. पण इंग्लंडमध्ये ते गाजले आणि तिथल्या पेपरांनी त्याची कथा इबिझा बेटावर सुट्टीला गेलेल्या लंडनच्या मुलांपासून सुरू केली. मुळाशी असलेली माणसे फोटोच्या चौकटीबाहेर राहतात ती अशी, आणि त्यात कोणाचा दुष्टावा असावाच लागतो असे नाही.

पुरवणी लिहिणाऱ्याला दोन दिवसांत मजकूर द्यायचा असतो, म्हणून तो तयार साचा उचलतो. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतारावर ‘लोप पावत चाललेली लोककला’ असा लेख शहरातून येतोच, आणि नेमक्या त्याच दिवसांत इथल्या कंपन्यांकडे नाटकाला मोकळी तारीख मागून मिळत नाही. नव्या संगीतासाठी साचा उलट असतो: ‘पहिलाच प्रयोग’, ‘अमक्याचा जनक’. मुंबईचे चरणजित सिंग हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे वादक होते. डिस्कोचा जमाना होता, त्या ठेक्यावर राग वाजवून पाहावेत एवढ्या विचाराने त्यांनी १९८२ साली रोलँड कंपनीच्या ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ या इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रांवर दहा रागांची तबकडी केली. एचएमव्हीने ती काढली आणि ती फारशी कोणी घेतली नाही. त्याच टीबी-३०३ मधून पुढे शिकागोच्या फ्यूचर या त्रयीने जो आवाज काढला, त्यातून १९८७ मध्ये ॲसिड हाउस सुरू झाले. २०१० साली सिंग यांची तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा परदेशी पत्रकारांनी त्यांच्यावर ॲसिड हाउसच्या जनकत्वाचा शिक्का मारला. शिकागोच्या मुलांनी ती ऐकली होती असा काही पुरावा नाही. म्हाताऱ्या कलावंताची दखल घेतली गेली, पुढे त्यांचे परदेशात कार्यक्रमही झाले, याचा मला आनंदच आहे. पण मथळ्यासाठी त्यांच्या कामाचा खरा विचार, म्हणजे रागाची मांडणी यंत्रावर कशी बसवावी हा, पुसला गेला. तेव्हा ‘भारतात पहिल्यांदाच’ हे शब्द कोणाच्याही तोंडून निघू देऊ नका. बातमीदार ते लिहिणार असेल तर तिथल्या तिथे नम्रपणे खोडून काढा.

एकट्याने भेटायला जाऊ नका. बीबीसी रेडिओ १ वर मेरी ॲन हॉब्ज यांनी जानेवारी २००६ मध्ये डबस्टेपची बरीच मंडळी एकाच कार्यक्रमात बोलावली आणि ज्याला त्याला स्वतःचे वाजवू दिले. लंडनबाहेर तो प्रकार पोहोचला त्याचे मोठे श्रेय त्या प्रसारणाला देतात, आणि कोणा एकाला त्याचा चेहरा करायची वेळ त्या रात्री आली नाही. छापील पानावर इतकी जागा मिळणार नाही, हे खरे. मी बातमीचे पाकीट एसटीच्या कंडक्टरकडे देत असे तेव्हाही आणि आजही, जागा कमी पडली की उपसंपादक मजकूर खालून कापतो. म्हणून माणसांची आणि गावांची नावे गप्पांच्या शेवटी सांगण्यासाठी राखून ठेवू नका. बसल्याबरोबर सांगा, आणि तुमच्या संगीताला तुम्ही काय म्हणता तेही तुमच्यात आधी ठरवून जा, नाहीतर मथळा करणारा त्याच्या सोयीने बारसे करील. छापण्याआधी मजकूर दाखवा असे मात्र म्हणू नका. कोणताही बरा बातमीदार ते मान्य करत नाही आणि करूही नये. नावांचे लेखन फोनवर वाचून दाखवाल का, एवढे विचारण्याला कोणी हरकत घेणार नाही.

आपल्याकडे मुंबई आवृत्तीची पुरवणी येत नाही. लेख आला की सबंध अंक टपालाने पाठव, नुसते कात्रण नको. तुमच्या शेजारी आणखी काय छापले आहे ते मला पाहायचे आहे. एक प्रत जास्तीची घे, ती सुतारांच्या घरी पोहोचती करतो.

तुझा,
बाबा