बँडला एक मत, सोलो कलाकाराला दुसरं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत ‘आवडता रॉक बँड निवडा’ हे आवाहन वाचलं आणि फार आनंद झाला. मात्र सोबतच्या यादीपाशी येऊन अडखळले. बीटल्स, क्वीन, लेड झेपेलिन यांच्या ओळीतच डेव्हिड बोवी, ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि प्रिन्स यांचीही नावं आहेत. हे तिघेही मला अतिशय प्रिय आहेत, पण ते बँड नाहीत, एकट्याच्या नावाने गाणारे सोलो कलाकार आहेत. दोन्ही प्रकार एकाच यादीत घातले की ज्याचा चेहरा ओळखीचा त्याला मतं पडतात आणि मागे बसून वाजवणारी माणसं हिशेबातूनच जातात.

मी गेली कित्येक वर्षं एक साधी कसोटी लावत आले आहे. एक माणूस मनातल्या मनात बाजूला काढायचा आणि काय उरतं ते ऐकायचं.

लेड झेपेलिनचं उदाहरण घ्या. त्यांच्या १९७१च्या चौथ्या अल्बममधलं शेवटचं गाणं, ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’, सुरू होतं ते नुसत्या ड्रम्सवर. एका जुन्या मोठ्या घराच्या जिन्याखालच्या मोकळ्या जागेत ड्रमर जॉन बॉनमला बसवलं आणि माइक वर, जिन्याच्या कठड्यावरून लटकवले. त्यामुळे प्रत्येक ठोका भिंतींवर आपटून, उंच चढून मग आपल्यापर्यंत येतो. हेडफोन लावून ऐकलं तर ती जिन्याची पोकळी अक्षरशः जाणवते. गिटार आणि आवाज यायच्या आधीच गाणं उभं राहिलेलं असतं. सप्टेंबर १९८०मध्ये बॉनमचं निधन झालं आणि डिसेंबरात उरलेल्या तिघांनी बँड थांबवत असल्याचं जाहीर केलं. दुसरा चांगला ड्रमर मिळाला नसता असं थोडंच आहे? पण मग तो बँड लेड झेपेलिन राहिला नसता, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. २००७मध्ये लंडनला एका रात्रीपुरते ते पुन्हा पूर्ण कार्यक्रमासाठी उभे राहिले, तेव्हा ड्रम्सवर बॉनमचाच मुलगा होता.

रोलिंग स्टोन्सच्या ड्रमरचं, चार्ली वॉट्सचंही तसंच. त्या बँडचं कुठलंही जुनं चित्रीकरण लावा आणि एकदा गायक जॅगरकडे न बघता फक्त वॉट्सच्या उजव्या हाताकडे बघा. डावा हात स्नेअरवर, म्हणजे खणखणीत आवाजाच्या छोट्या ड्रमवर, पडायच्या क्षणी उजवा हात हाय-हॅटवरून, म्हणजे झांजांच्या जोडीवरून, अलगद उचललेला असतो. बहुतेक ड्रमर दोन्ही एकदम वाजवतात, हा ती एक जागा रिकामी सोडतो. त्यामुळे स्नेअरचा ठोका एकटा, स्वच्छ पडतो आणि ठेक्याला तो सैलसर डौल येतो.

क्वीनमध्ये तर चौघंही गाणी लिहिणारे. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ फ्रेडी मर्क्युरीचं, ‘वी विल रॉक यू’ ब्रायन मेचं, ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ बासवाल्या जॉन डीकनचं आणि ‘रेडिओ गा गा’ ड्रमर रॉजर टेलरचं. १९८५च्या वसंतात मर्क्युरीचा पहिला सोलो अल्बम आला. सगळी गाणी त्याचीच, आवाज तोच, जगात तोड नसलेला. तरी मला ती गाणी अपुरी वाटतात. समोरून कुणी अडवत नाही, टोकत नाही, असं सतत वाटत राहतं. त्याच वर्षी जुलैत ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या मैफलीसाठी हाच माणूस वेम्बलीच्या मैदानावर त्या तिघांसोबत उभा राहिला आणि वीसेक मिनिटांत त्याने सगळं मैदान ताब्यात घेतलं.

बँड माणसाला दाबतोही, हेही सांगायला हवं. बीटल्सच्या अल्बममध्ये जॉर्ज हॅरिसनच्या वाट्याला बहुतेक वेळा एकदोन गाणीच येत. १९७०मध्ये बँड फुटला आणि त्याच वर्षी त्याने एकदम तीन तबकड्यांचा अल्बम काढला. त्याचं शीर्षकगीत आदल्याच वर्षी बीटल्सच्या तालमीत वाजवून झालं होतं आणि मागे पडलं होतं. इतकं साचून राहिलेलं संगीत ऐकताना मला अजूनही हळहळ वाटते.

सोलो कलाकाराला माझी कसोटी उलटी लावावी लागते. त्याच्याभोवतीची सगळी माणसं बदलून बघायची. बोवीने १९७२मध्ये मिक रॉन्सनच्या गिटारच्या जोरावर रॉक गाजवला, तीन वर्षांत तो अमेरिकन सोल संगीताकडे वळला, आणि जानेवारी २०१६मध्ये, मृत्यूच्या दोनच दिवस आधी आलेल्या शेवटच्या अल्बमसाठी त्याने न्यूयॉर्कचे जॅझ वादक घेतले. साथ दरवेळी नवी, तरी पहिल्या ओळीला बोवी ओळखू येतो. प्रिन्सने तर एकोणिसाव्या वर्षी, १९७८मध्ये, पहिल्या अल्बमवरची सगळी वाद्यं स्वतःच वाजवली.

या दोन प्रकारांतला फरक एकाच गाण्यात ऐकायचा असेल तर स्प्रिंगस्टीनकडे जावं. जानेवारी १९८२मध्ये त्याने घरातल्या खोलीत बसून, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर काही गाणी एकट्याने ध्वनिमुद्रित केली. ती त्याच्या साथीच्या ई स्ट्रीट बँडला दाखवण्यापुरती होती. बँडने स्टुडिओत ती वाजवून पाहिली, पण त्यातला एकाकीपणा निघून जात होता. शेवटी ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नावाने अल्बम म्हणून आली. मात्र त्याच कॅसेटच्या वेळचं ‘बॉर्न इन द यूएसए’ त्याने मागे ठेवलं. एकट्याने गायलेलं ते गाणं म्हणजे युद्धावरून परतलेल्या माणसाचं पुटपुटणं आहे. १९८४मध्ये तेच गाणं ई स्ट्रीट बँडसह आलं. रॉय बिटनचा सिंथेसायझर, मॅक्स वाइनबर्गचे तोफेसारखे ड्रम्स, आणि तोच माणूस आता घसा फोडून ओरडतोय. शब्द बरेचसे तेच, दुःखही तेच. मला दोन्ही हवीत. पण ती एकमेकांसमोर उभी करून विजेता ठरवा म्हटलं, तर मला ते जमणार नाही.

आणि एक खंत. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे रॉकमधल्या थोरांच्या अमेरिकेतल्या मानाच्या यादीत, स्प्रिंगस्टीनला १९९९मध्ये मानाचं स्थान मिळालं. ते त्याला एकट्याला. ई स्ट्रीट बँडला त्यासाठी २०१४पर्यंत थांबावं लागलं. तोवर ऑर्गनवाला डॅनी फेडेरिची आणि सॅक्सोफोनवाला क्लेरन्स क्लेमन्स हे दोघंही हयात नव्हते. ज्या सॅक्सोफोनवर लाखो लोक वेडे झाले, तो वाजवणाऱ्याला हा दिवस बघता आला नाही.

म्हणून विनंती अशी, की पुरवणीत दोन वेगळ्या याद्या कराव्यात. बँडच्या नावाखाली सगळ्या सदस्यांची नावं त्यांच्या वाद्यांसह छापावीत आणि सोलो कलाकाराच्या नावाखाली त्याच्या मुख्य साथीदारांची.

माझी मतं यासोबत नोंदवत आहे. बँड: लेड झेपेलिन, म्हणजे जिमी पेज, रॉबर्ट प्लांट, जॉन पॉल जोन्स आणि जॉन बॉनम. सोलो: ब्रूस स्प्रिंगस्टीन, आणि त्याच्या नावाखाली क्लेरन्स क्लेमन्स, सॅक्सोफोन, हे आवर्जून छापावं.

आपली,
एक नियमित वाचक