विषय: ओढायची विंच उचलायची म्हणून विकल्याबद्दल आणि ब्रेक भार धरत नसल्याबद्दल सहावी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी सव्वाबाराला तुमच्या सेवा केंद्राशी माझं सहावं बोलणं झालं. ते १९ मिनिटं चाललं आणि शेवटी समोरच्याने फोन ठेवून दिला. म्हणून आता लेखी देतो आहे. मशीन कुठलं, कधी घेतलं, कितीला घेतलं हे तुमच्या लोकांनी पाच वेळा लिहून घेतलं आहे, ते पुन्हा सांगत नाही. बिलाची आणि वॉरंटी कार्डाची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

मी सिन्नर तालुक्यात विहिरी खोदायची आणि खोल करायची कामं घेतो. १८ वर्षं झाली. इतकी वर्षं डिझेल इंजिनाच्या यारीवर, म्हणजे विहिरीवरच्या क्रेनवर काम केलं, हातात क्लच आणि पायाखाली ब्रेक. या हंगामात तुमची विजेवरची विंच, म्हणजे मोटरने ड्रमवर दोर गुंडाळणारं मशीन, घेतली ती तुमचं माहितीपत्रक बघून. त्याच्या पहिल्याच पानावर विहिरीचं चित्र आहे. कठड्यावर यारी, यारीवर तुमची विंच, दोराला भरलेली बकेट, आणि खाली ठळक मराठीत ‘विहिरीच्या कामासाठी १००० किलो ताकद’. हे पत्रक मी जपून ठेवलं आहे.

१४ मार्चला पांगरीच्या बाजूला ७० फूट विहिरीत काम चालू होतं. खाली दोन माणसं होती. बकेट वर यायला लागली की दोघांनी कडेच्या कपारीत, लोखंडी पत्र्याच्या आडोशाला जाऊन थांबायचं आणि बकेट कठड्यावर रिकामी होईपर्यंत बाहेर यायचं नाही, हा माझ्या कामावरचा नियम आहे. बकेटीत बसून कुणी वरखाली करायचं नाही, हाही. त्या दिवशी अकराच्या सुमारास ओला मुरूम भरलेली बकेट वर आली. बकेटीसकट वजन साधारण ३५० किलो. कठड्याच्या वर हातभर आल्यावर मी बटण सोडलं. बकेट थांबली. वरचा गडी आकड्याने तिला आत ओढायला पुढे झाला आणि माझ्या डोळ्यांदेखत ड्रम उलटा फिरायला लागला. मोटर बंद, बोट बटणावर नाही, आणि ड्रम सावकाश उलटा फिरतोय. मी लाल बटण दाबलं. लाल बटणाने करंट तुटतो, पण करंट आधीच बंद होता. धरायचं काम ब्रेकचं होतं आणि ब्रेक धरत नव्हता. दोन वेढे हळू गेले, मग बकेट सुटली ती थेट तळाला.

माणसं पत्र्याखाली होती म्हणून वाचली. एक दगड कपारीच्या दगडावर आपटून आडवा उडाला आणि एकाच्या हेल्मेटवर बसला. ते पिवळं हेल्मेट हे पत्र लिहिताना माझ्यासमोर टेबलावर आहे. कपाळाच्या वरच्या बाजूला बोटाच्या पेराएवढा खड्डा पडलाय आणि तिथून मागे शिवणीपर्यंत तडा गेलाय. त्या माणसाला दोन लहान मुली आहेत.

त्या रात्री तुमची पुस्तिका उघडली. २८ पानं, सगळी इंग्रजीत. माझी मुलगी नाशिकला मेकॅनिकलचा डिप्लोमा करते, तिने वाचून दाखवली. पान १९ वर, खालच्या बाजूला, बारीक अक्षरात लिहिलंय की हे यंत्र आडव्या पृष्ठभागावरून भार ओढण्यासाठी आहे, भार हवेत उचलून धरण्यासाठी वापरू नये. म्हणजे जाहिरात मराठीत आणि इशारा इंग्रजीत. विहिरीचं चित्र पहिल्या पानावर आणि ‘विहिरीत वापरू नका’ एकोणिसाव्या पानावर. जो माणूस मराठी चित्र बघून पैसे मोजतो त्यालाच इशारा कळू नये अशी ही रचना आहे. जाणूनबुजून केली की बेपर्वाईने झाली, ते तुम्ही सांगायचं.

ओढणं आणि उचलणं यातला फरक तुम्हाला मी शिकवायची गरज नाही, मशीन तुम्ही बनवता. ट्रॉलीवरचा भार ओढताना ब्रेक सैल पडला तर ट्रॉली बहुतेक जागच्या जागी राहते. उचललेला भार ब्रेक सुटला की खाली येतो, आणि खाली माणूस असतो. म्हणून उचलायच्या मशीनचा ब्रेक स्प्रिंगने आवळलेला असतो आणि करंट मिळाला तरच उघडतो. आमच्याकडे शेतीची लाईट कधी जाईल याचा नेम नाही. बकेट मध्यावर असताना लाईट गेली तर सगळा भरवसा त्या ब्रेकवर असतो.

तुमच्या तिसऱ्या माणसाने व्होल्टेज कमी असेल म्हणून सांगितलं. त्या दिवशी मशीन जनरेटरवर होतं आणि मीटरवर २२५ होते. चौथ्याने ओव्हरलोड म्हटलं. १००० किलोच्या मशीनला ३५० किलो ओव्हरलोड कसा होतो हे त्याला सांगता आलं नाही. मुलीने रविवारी मशीनजवळ बसून व्हर्नियरने माप घेतलं. ड्रमचा व्यास १०० मिलिमीटर, दोर ८ मिलिमीटर, ड्रमची रुंदी ३००. दोर ड्रमवर थरावर थर गुंडाळला जातो. पहिल्या थरावर दोर ड्रमच्या मध्यापासून ५४ मिलिमीटरवर बसतो, चौथ्या थरावर ७८ वर. तुमचे १००० किलो फक्त पहिल्या थराचे आहेत. दोर बाहेरच्या थरावर गेला की तेवढाच भार ड्रमला जास्त लांबून पीळ देतो, मोटरलाही आणि ब्रेकलाही. ६० मीटर दोर चार थरात बसतो. माझी विहीर आणि वरची यारी मिळून २५ मीटर दोर सुटतो. बाकीचा ३५ मीटर ड्रमवरच राहतो आणि तेवढ्याने पहिले दोन थर भरून तिसरा सुरू झालेला असतो. म्हणजे बकेट तळाला असतानाच तुमच्या मशीनची ताकद पावणेआठशेवर आलेली असते आणि कठड्याशी येईपर्यंत सातशेच्या आत. पहिला थर माझ्या विहिरीत कधी उघडतच नाही. बकेट सगळ्यात उंच असते तेव्हा ब्रेकवर सगळ्यात जास्त पीळ असतो, आणि तो नेमका तिथेच सुटला.

नुसत्या हिशेबावर मी थांबलो नाही. मुसळगाव एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये मशीन नेऊन बसवलं. सिमेंटच्या पाच गोण्या, २५० किलो, जमिनीपासून फूटभर वर टांगल्या आणि भोवती दोरी बांधून कुणाला जवळ येऊ दिलं नाही. ड्रमच्या कडेवर आणि शेजारच्या पट्टीवर खडूची एकच सरळ रेघ ओढली. दोर पहिल्या थरापर्यंत सोडून भार लावला तेव्हा दहा मिनिटांनी रेघ जागच्या जागी होती. चौथ्या थरावर लावला तेव्हा दहा मिनिटांत गोण्या चार बोटं खाली आल्या आणि दोन्ही रेघा एकमेकींपासून सरकल्या. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. व्हिडिओ केला आहे. ही चाचणी विहिरीवर मशीन चढवायच्या आधी मी घ्यायला हवी होती, हे मी मान्य करतो आणि त्याचं ओझं मला आहे. पण तुम्ही मशीन विकायच्या आधी ती घेतली होती का?

आता आजच्या फोनबद्दल. तो सगळा लिहितो, कारण तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात असं दर वेळी ऐकवलं जातं, तेव्हा ताडून बघा.

मी खडूच्या रेघेचं सांगायला सुरुवात केली तर तुमचा माणूस म्हणाला, “काका, विंच म्हणजे ओढायची मशीन. उचलायला होइस्ट असतो. एवढं तर माहीत पाहिजे.” मी म्हटलं, मग पत्रकावर विहीर का छापली? म्हणाला, “ते मार्केटिंगवाल्यांचं असतं.” मी म्हटलं, पान १९ मराठीत का नाही? म्हणाला, “वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्यायचं. घरात कुणी शिकलेलं नाही का?” माझ्या मुलीने त्याच्या कंपनीचा ड्रम मोजलाय, हे मी त्याला सांगितलं नाही. मी विचारलं, आता करू काय? त्याने मला दोन उपाय सांगितले. ब्रेकचा नट अर्धा आटा आवळायचा, आणि बटण एकदम न सोडता थोडं थोडं दाबत राहायचं म्हणजे ‘भार सरकलेला जाणवणार नाही’. हे शब्द त्याचे आहेत. मी दोनदा विचारलं, की सरकणारा भार सरकू नये असं करायचं की सरकलेला जाणवू नये असं करायचं? तो गप्प राहिला. मग म्हणाला, “कुणाला लागलं नाही ना? मग एवढं काय लावून धरलंय?”

मी फोन कानाला धरून उभा होतो आणि समोर ते हेल्मेट होतं. कुणाला लागलं नाही ना. १८ वर्षं माणसं खाली उतरवतोय. रोज सकाळी शिडी तपासतो, दोरावर हात फिरवून तुटलेली तार शोधतो, खालचा माणूस कपारीत गेल्याची हाक आल्याशिवाय बटणाला हात लावत नाही. एवढं सगळं करून त्या दिवशी दोन माणसं पत्र्याच्या आडोशाने वाचली, आणि तुमचा माणूस मला विचारतो की मग एवढं काय. मी त्याला म्हणालो, की तू खाली उतरशील का? तेव्हा त्याने फोन ठेवला.

सहा फोनमध्ये कामाची एकही गोष्ट कुणी सांगितली नाही. बकेटीवर फिरती पुली लावून दुहेरी दोर घेतला असता तर ड्रमवरची ओढ निम्मी झाली असती आणि बकेट तळाला असताना ५० मीटर दोर सुटून काम खालच्या थरावर आलं असतं. बकेट निम्म्या वेगाने आली असती, एवढंच. ड्रमवर कायम निदान तीन वेढे राहिले पाहिजेत, तेही कुणी बोललं नाही. पान १९ वाचल्यावर मी दुहेरी दोरावरही हे मशीन विहिरीवर चढवणार नाही, पण तुमच्या सेवा विभागाला हे माहीत नाही, की माहीत असून सांगायचं नाही? आकड्याजवळ दोराचं टोक पकडणारे क्लॅम्पही तुमच्या कारखान्यातून उलटे बसवून आले होते. क्लॅम्पची बैठक भाराच्या दोरावर आणि यू आकाराचा बोल्ट मोकळ्या टोकावर हवा. तुमचा यू भाराच्या दोरावर होता आणि त्याने तारा दाबल्या होत्या. ते मी पहिल्याच दिवशी बदलले. तेव्हाच मशीन परत पाठवायला हवं होतं.

दुसऱ्या फोनवर ‘तुमचा व्यावसायिक वापर आहे, तुम्ही ग्राहक धरले जात नाही’ असं ऐकवलं होतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू धरली जाते. यारीवर मी स्वतः उभा असतो. त्याच कायद्याच्या कलम ८४ मध्ये, योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा नसला तर उत्पादक जबाबदार धरला जातो. माझ्या भाषेत जाहिरात करून मला न कळणाऱ्या भाषेत दिलेला इशारा पुरेसा आहे का, हे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे तुम्ही सांगा. मी राहतो त्या जिल्ह्यात मला तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला त्यासाठी शुल्कही नाही. १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून झाली आहे. १५ दिवस थांबतो.

मला मशीनची पूर्ण किंमत परत हवी. दुरुस्ती नको, बदली मशीन नको. ते पत्रक ताबडतोब बंद करा आणि ड्रमच्या कव्हरवर, दिसेल अशा जागी, मराठीत छापा की हे उचलण्यासाठी नाही आणि पूर्ण ताकद फक्त पहिल्या थरावर मिळते. माझ्याकडचं मशीन मी ताडपत्रीखाली ठेवलं आहे, रिमोट कपाटात आहे, नट आवळलेला नाही आणि ब्रेक उघडलेला नाही. तुमचा इंजिनियर पाठवा, त्याच्यासमोर पाच गोण्या पुन्हा टांगतो.

आणि हे पैशांच्या आधी करा. सिन्नरच्या डीलरने याच हंगामात हेच मशीन आणखी दोन विहीर ठेकेदारांना विकलं आहे. एक चांदवडचा, त्याला मी स्वतः फोन केला आणि त्याने काम थांबवलं. दुसरा निफाडकडचा आहे. त्याचा नंबर डीलर देत नाही, कंपनीला विचारा म्हणतो. काल विचारला, आज पुन्हा विचारला. त्याची माणसं आत्ता खाली असतील. मला नंबर द्यायचा नसेल तर तुम्ही स्वतः त्याला फोन करा आणि पान १९ मराठीत वाचून दाखवा. आजच करा, संध्याकाळच्या आत.

विहीर खोदकाम ठेकेदार,
ता. सिन्नर, जि. नाशिक
२१ मार्च

सोबत: बिल, वॉरंटी कार्ड, माहितीपत्रकाचं पहिलं पान आणि पुस्तिकेचं पान १९ यांच्या झेरॉक्स, हेल्मेटचे दोन फोटो, चाचणीचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर.