हुन्सपाख नेमकं कोणाचं?

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत, हुन्सपाख फ्रान्सचं की जर्मनीचं? आज फ्रान्सचं, जर्मन सरहद्दीजवळच्या अल्सास प्रांतातलं गाव. पण १८७० साली तिथे जन्मलेलं मूल पंचाहत्तर वर्षं जगलं असेल, तर गाव न सोडता त्याचा देश चारदा बदलला: १८७१ला जर्मनी, १९१८ला फ्रान्स, १९४०ला जर्मनी, १९४५ला परत फ्रान्स. १९४२पासून तर अल्सास आणि शेजारच्या मोझेल भागातल्या सुमारे १,३०,००० तरुणांना जबरदस्तीने जर्मन सैन्यात घातलं. त्यांच्यासाठी तुमचा प्रश्न जिवावरचाच होता.

त्याआधी, तीस वर्षांच्या युद्धात (१६१८ ते ४८) हा मुलूख ओस पडला होता. मग स्वित्झर्लंडहून प्रोटेस्टंट कुटुंबं येऊन वसली.

आई, तुला घरं आवडतील. दगडी जोत्यावर ओकच्या लाकडाचा सांगाडा. एका वाशाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून वर लाकडी खुंटी ठोकलेली. मधल्या चौकटींत काठ्या आणि माती-पेंढ्याचा गिलावा, म्हणजे आपला कूडच, वर चुन्याची सफेदी. खुंट्या काढल्या की सांगाडा सुटतो, म्हणून पूर्वी घर उचलून दुसरीकडे उभारता यायचं. दर्शनी भिंतीवर मजल्यागणिक एक अरुंद छपरी असते, ती पावसापासून लाकूड वाचवते. दुरुस्तीला सिमेंट वापरलं की घात होतो: ओल आत कोंडते आणि ओक आतून कुजतो. चुना ओल बाहेर जाऊ देतो. काही खिडक्यांच्या काचा बाहेर फुगलेल्या आहेत. आतून रस्ता दिसतो, रस्त्यावरून आतलं दिसत नाही.

गावाजवळच मॅजिनो तटबंदीतला, म्हणजे फ्रान्सने जर्मन सरहद्दीवर उभारलेल्या किल्ल्यांच्या रांगेतला, शोननबुर्गचा किल्ला आहे, १९३१ ते ३५ दरम्यान बांधलेला, जमिनीखाली तीस मीटर. सप्टेंबर १९३९मध्ये सरहद्दीवरची गावं रिकामी करून लोकांना मध्य आणि नैर्ऋत्य फ्रान्सला पाठवलं. किल्ला लढून पडला नाही. युद्धबंदीनंतर वरून हुकूम आला, म्हणून १ जुलै १९४० रोजी सैनिकांनी तो सोपवला. जर्मन सैन्याची मुख्य मुसंडी आर्डेनच्या जंगलातून, तटबंदीला वळसा घालून आली होती.

तुम्ही आलात की स्ट्रासबुर्गहून विसेंबुर्गच्या गाडीने जाऊ, हुन्सपाखला स्टेशन आहे. किल्ल्यात बारमाही तेरा अंश असतात आणि चालणंही बरंच आहे. बाबांचे बूट आणि दोघांचे स्वेटर उन्हाळ्यातसुद्धा बॅगेत घाला.

तुमची,
लेक