बल बरोबर, दिशा उलटी

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत गेल्या आठवड्यात बलांच्या समतोलाचे एक सोडवलेले उदाहरण आले होते. एका कडीला ४० न्यूटनचे बल ३० अंशांच्या दिशेने आणि ३० न्यूटनचे बल १२० अंशांच्या दिशेने ओढते आहे (कोन उजवीकडच्या आडव्या रेषेपासून, घड्याळाच्या उलट दिशेने मोजलेले). कडी जागची हलू नये म्हणून तिसरे बल किती आणि कोणीकडे लावावे, असा प्रश्न. घटक नेटके काढले आहेत. पहिल्या बलाचा आडवा घटक ३४.६४, उभा २०. दुसऱ्याचा आडवा उणे १५, उभा २५.९८. बेरीज आडवी १९.६४, उभी ४५.९८. तोल साधायचा म्हणून दोन्हींची चिन्हे उलटवली. इथपर्यंत मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. पुढे उत्तर छापले आहे: ५० न्यूटन, ६६.८७ अंश.

या दिशेने खरोखर बल लावून पाहा. आधी ५० न्यूटनने खेचली जाणारी कडी आता १०० न्यूटनने खेचली जाईल!

चूक कुठे झाली ते ओळखायला मला वेळ लागला नाही; उत्तरपत्रिका तपासण्यात हयात गेली आहे. उणे ४५.९८ ला उणे १९.६४ ने भागले की उणे चिन्हे उडतात, आणि कॅल्क्युलेटरला टॅन इन्व्हर्स, म्हणजे या भागाकारावरून कोन, विचारला की तो उणे ९० ते ९० अंशांमधलाच कोन सांगतो. परिणामी बल आणि त्याला तोलणारे बल, दोघांसाठी त्याच्याकडे एकच उत्तर. बिचाऱ्याला आपण चिन्हे दाखवलेलीच नसतात. दोन्ही घटक उणे आहेत, म्हणजे बाण डावीकडे आणि खाली, तिसऱ्या चरणात. ६६.८७ मध्ये १८० मिळवायचे. दिशा २४६.८७ अंश.

खरे तर एवढ्या हिशेबाचीही गरज नव्हती. दिलेली दोन्ही बले कडीला वर ओढतात, मग तिसरेही वर ओढून कसे चालेल? कच्ची आकृती काढल्याशिवाय मी वर्गात कॅल्क्युलेटरला हात लावू देत नसे. तिन्ही बाण प्रमाणात, एकाच्या टोकाला दुसऱ्याचे शेपूट असे जोडले की त्रिकोण बंद झाला पाहिजे. फ्लेमिश गणितज्ञ सायमन स्टेव्हिनने १५८६ मध्ये उतरणीवरच्या वजनांवरून हीच वाट दाखवली होती. छापलेल्या उत्तराचा त्रिकोण बंद होत नाही.

जाता जाता एक सुचवते. पुढच्या वेळी कडीऐवजी दोरीचे उदाहरण घ्या. ताणलेल्या दोरीच्या मधोमध १०० न्यूटनचे ओझे टांगले आणि दोन्ही बाजू आडव्या रेषेशी ३० अंश करत असतील, तर प्रत्येक बाजूला ताण १०० न्यूटन. दोरी घट्ट ओढून तोच कोन ५ अंशांवर आणला की ताण सुमारे ५७४ न्यूटन! ओझे तेवढेच, पण ते तोलणारा उभा घटक पुरवायला दोरीला किती ताणावे लागते पाहा. अगदी सरळ आडव्या दोरीच्या ताणाला उभा घटकच नसतो, त्यामुळे ओझे टांगून दोरी तशी राहूच शकत नाही. हा उभा घटक कोनाच्या साइननेच निघतो; साइन कशाला शिकायची, असे विचारणारी मुले इथे गप्प बसतात.

दुरुस्ती छापाल तेव्हा आकृतीसह छापावी. पुरवणीतली कात्रणे मुले वहीत चिकटवून ठेवतात आणि परीक्षेत तसेच उतरवतात.

आपली नियमित वाचक,
निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षिका