वनवाटांवरील फलकांना मुदत लिहा

संपादक महोदय,

पावसाळा सुरू झाला की ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातील नाल्यांवर आणि खारघरच्या पांडवकडा धबधब्याकडे जाण्यावर बंदी येते, आणि ती यावी याबद्दल दुमत नाही. खाली पायथ्याच्या उपवन तलावापाशी ऊन पडलेले असताना डोंगरमाथ्यावर कोसळलेली सर कातळावरून थेट नाल्यात उतरते. पाणी एकाएकी गढूळ होऊन पालापाचोळा वाहू लागला, की बाहेर पडायला फार थोडी मिनिटे उरतात. नितळ पाणी पाहून खडकावर बसलेल्या पाहुण्याला हे ठाऊक नसते. त्याच्यासाठी फलक हवाच. आक्षेप आहे तो त्यावरील मजकुराला.

ठाण्यालगतच्या एका वनवाटेच्या तोंडाशी प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला आदेश टांगलेला आहे. पिशवीत पाणी शिरून शिक्क्याची शाई पसरली आहे, तारखेच्या जागी जांभळा डाग उरला आहे, आणि वाचता येते ते एवढेच : ‘कलम १४४ अन्वये प्रवेशबंदी’. फौजदारी प्रक्रिया संहितेचे हे कलम १ जुलै २०२४ पासून इतिहासजमा झाले असून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली आहे. शिवाय या तरतुदीखालील आदेश, राज्य शासनाने मुदत वाढवली नाही तर, दोन महिन्यांपलीकडे अमलात राहत नाही. याउलट राष्ट्रीय उद्यानात परवान्याशिवाय शिरण्यास १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने बाराही महिने मनाई आहे, आणि येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे. एक बंदी हंगामी, दुसरी कायमची. दोन्ही ‘प्रवेश निषिद्ध’ या दोन शब्दांत कोंबल्या, की दिवाळीनंतर कोरड्या ठणठणीत नाल्यापाशी पुराचा इशारा वाचणारा माणूस पुढच्या जुलैत त्या फलकाकडे ढुंकूनही पाहत नाही. (शुभेच्छांचे फ्लेक्स मात्र आपल्याकडे तारीख उलटण्याआधीच बदलले जातात.)

सरसकट बंदीचा दुसरा जाच स्थानिकांना होतो. येऊरमध्ये पाटोणापाड्यासारखे आदिवासी पाडे आहेत आणि त्यांची ये-जा त्याच रस्त्याने चालते. सार्वजनिक रस्त्याने जाणाऱ्यांना आणि हद्दीत स्थावर मालमत्तेचा हक्क असलेल्यांना खुद्द अधिनियमच मोकळीक देतो. ती फलकावर छापली, तर पाड्यावर भाजी पोहोचवणाऱ्याला नाक्यावर खुलासे करत बसावे लागणार नाही.

म्हणून विनंती अशी की, प्रत्येक हंगामी सूचनेवर बंदी कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या नाल्यापुरती आणि कोणत्या कारणासाठी, हे ठळक अक्षरांत असावे. फेब्रुवारीनंतर धोका पाण्याचा नसून वणव्याचा असतो. तेव्हा विडी-काडी आणि चुलीबद्दलची सूचना लागली पाहिजे. तिन्हीसांजेला बिबट्याचा वावर वाढतो, त्या वेळी एकटे फिरू नये आणि मुलांना पुढे-मागे सोडू नये, हेही साध्या मराठीत सांगता येईल. वनविभागाचा १९२६ आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक द्यावेतच, पण दरीत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. त्यामुळे जवळची वनचौकी कोणत्या दिशेला आणि किती अंतरावर आहे, हे बाणासह दाखवावे.

आणि मुदत संपताच तो कागद उतरवण्याची जबाबदारी कोणत्या पदावरील कर्मचाऱ्याची, याचा उल्लेख आदेशातच असावा.

आपला,
एक वाचक, वर्तकनगर, ठाणे (प.)