सोनं राहू द्या, आधी सोंड समजून घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पानावर 'सोन्याच्या कणांची जादू' अशी छोटीशी बातमी आली, वाचून हसू आलं न थोडा रागही, कारण कण 'कायरल' आहेत एवढंच लिहिलंय, म्हणजे काय ते एका ओळीतही नाही. मी रबाळ्याला बल्क ड्रगच्या (गोळ्यांमधलं मूळ औषध बनवणाऱ्या) प्लँटवर २२ वर्षं रिअॅक्टर चालवतोय, म्हणून राहवलं नाही.

डाव्या सोंडेचा न उजव्या सोंडेचा गणपती घ्या, माती तीच, वजन तेच, पण कसाही फिरवा, एकाचा दुसरा होत नाही. रेणूंचंही तसंच, कायरल म्हणजे हेच. पुदिना न बाळंतशेपा, दोघांच्या वासात कार्व्होन नावाचा एकच रेणू, फक्त सोंड उलटी. अॅलर्जीची सेट्रिझिन १० मिलीग्रॅम लागते तिथे लिव्होसेट्रिझिन ५ मधे भागतं ते ह्याचमुळे, त्यात कामाचाच अर्धा ठेवलाय.

आता गोची अशी की साध्या रिअॅक्शनमधे दोन्ही सोंडा निम्म्या निम्म्या निघतात, मग रेझोल्यूशन करा, म्हणजे दोन्ही वेगळ्या करा, नको ती बाजू परत फिरवता आली तर ठीक, नाहीतर अर्धा माल मदर लिकरबरोबर (खडे काढल्यावर उरलेलं पाणी) गेला न ईटीपीवाला (सांडपाणी साफ करणारा) आमच्या नावाने शिमगा करतो. (पाश्चरने १८४८ ला असे डावे उजवे खडे चिमट्याने निवडले होते, त्याला बरं, टनात नव्हतं करायचं.) एकाच बाजूचा माल देणारे कॅटॅलिस्ट (रिअॅक्शन घडवून आणणारे, स्वतः न संपणारे पदार्थ) आहेत, २००१ चं नोबेल त्यांनाच, पण ऱ्होडियम नाहीतर रुथेनियम, वर त्या धातूला चिकटून बाजू ठरवणारा महागडा लिगँड, आणि ते मालातच विरघळतं, पीपीएममधे (दहा लाखात काही भाग) जरी जास्त राहिलं तरी क्यूसी (माल तपासणारा विभाग) बॅच अडवतं.

सोन्याची मजा इथे आहे. २०१८ ला कोरियातल्या सोलच्या टीमने सिस्टीन हे अमिनो आम्ल (त्याच्याही दोन सोंडा, एल न डी) वापरून कणाच्या कडांनाच पीळ दिला, एल सिस्टीन घातलं की एकीकडे, डी घातलं की उलटा. असे कण कॅटॅलिस्ट म्हणून वापरले तर ते घन असल्याने गाळून परत वापरता येतात. आणि सोनंच लागतं असंही नाही, साध्या क्वार्ट्झचे खडेही डावे उजवे असतात, १९९९ ला जपानच्या सोआईंनी त्याच्या पावडरीने रिअॅक्शन एका बाजूला झुकवली, अर्थात तिथे तयार झालेला मालच पुढचा माल तसाच बनवत जातो, म्हणून बारीकसा झुकाव वाढला, प्रत्येक रिअॅक्शनचं असं नशीब नसतं.

तर पुढच्या वेळी जादूबिदू नको, दोन आकडे छापा, एका बाजूचा माल किती टक्के न तोच कॅटॅलिस्ट किती बॅच टिकला. आमच्या शिफ्टमधली पोरं बातमी वाचून विचारत होती, काका, गाळलेलं सोनं स्क्रॅपमधे जाणार का?

आपला,
एक वाचक, ऐरोली